धान्याची धूळ आणि देहाचा संयम

धान्याच्या व्यापारात धूळ ही अपरिहार्यच, अशी समजूत आपल्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ट्रकातून पोते उतरले, थप्पीवर आदळले, चाळणीवर रिकामे झाले, की धूळ उडावयाचीच. वखारीत वावरणाऱ्या बहुतेक माणसांस ह्या धुळीने फारसे काही होत नाही. ती अंगावरून झटकून ती घरी जातात. परंतु एखाद्यास मात्र लागोपाठ शिंका येऊ लागतात, डोळ्यांना पाणी सुटते, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो आणि रात्री उशीला टेकून बसल्यावाचून श्वास घेता येत नाही. धूळ तीच, वखार तीच, काम तेच. मग एकास बाधते आणि दुसऱ्यास बाधत नाही, हे का व्हावे? ह्या प्रश्नाला आपण सहसा एकच उत्तर देतो: "त्याची प्रकृती कच्ची." हे उत्तर चुकीचे असून त्यामुळे काही गरीब माणसांवर अन्याय होतो, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे, वैद्य नव्हे. परंतु जो माल आपण आयुष्यभर हाताळतो, त्याचा माणसाच्या देहाशी काय संबंध येतो, हे समजून घेण्याचा अधिकार व्यापाऱ्यासही आहे.

आमच्या तुये गावी, आणि एकंदर पेडणे महालात, हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक जाणवतो. येथे लागणाऱ्या धान्याचा व कडधान्याचा मोठा भाग घाटावरून आणि महाराष्ट्रातून येतो. पत्रादेवीची हद्द ओलांडून आलेले ट्रक कोरड्या मुलखातला माल दमट हवेत आणून उतरवितात. पावसाळ्यात येथे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर वखारीच्या भिंती ओल सोडीत नाहीत, आणि धान्य हवेतील दमटपणा हळूहळू शोषून घेते. अशा धान्यात केवळ सोंडेच होतात असे नव्हे. डोळ्यांस न दिसणारे, कोळ्याच्या जातीचे अतिसूक्ष्म जीवही वाढतात. त्यांस इंग्रजीत 'माइट' म्हणतात. त्यांची विष्ठा, त्यांच्या अंगाचे चूर्ण, बुरशीचे कण आणि धान्याचा कोंडा ही सर्व त्या धुळीत मिसळलेली असतात. म्हणजे आपण ज्याला 'धूळ' म्हणतो ती केवळ माती नव्हे. तिच्यात अनेक सजीवांची प्रथिने असतात, आणि देहाचा जो काही वाद होतो तो ह्या प्रथिनांशी होतो.

आपल्या धंद्यातील हे दुखणे नवे नाही. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांचा त्याने स्वतंत्र विचार केला असून, धुळीने त्यांचे घसे, डोळे आणि फुप्फुसे कशी बिघडतात ते लिहून ठेवले आहे. परंतु एकासच का बाधते, ह्याचा उलगडा होण्यास त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

१९०६ साली व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या डॉक्टरने 'ॲलर्जी' हा शब्द प्रचारात आणला. एखाद्या बाह्य पदार्थाशी एकदा गाठ पडल्यानंतर देहाची वागणूक बदलते, हा त्या शब्दाचा मूळ आशय. पुढे १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर ह्या दोन जर्मन डॉक्टरांनी एक साधा पण मोठा धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर ह्यांना मासळी सोसत नसे. त्यांच्या रक्तातील निवळ घेऊन प्राउस्निट्झ ह्यांनी ती स्वतःच्या त्वचेत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे गांध उठली. प्राउस्निट्झ ह्यांना मासळीची बाधा मुळीच नव्हती. ती मित्राच्या रक्तातून आली होती. ह्यावरून सिद्ध झाले की, हा दोष मनाचा नव्हे आणि सर्वसाधारण अशक्तपणाचाही नव्हे. रक्तात असा काही विशिष्ट पदार्थ आहे की जो ह्याला कारण होतो.

तो पदार्थ हाती लागावयास आणखी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. १९६६ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी पतिपत्नींनी त्याचा शोध लावला. स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिक हे दोघेही स्वतंत्रपणे त्याच वस्तूपाशी येऊन पोहोचले होते. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्यास 'इम्युनोग्लोब्युलिन-ई' हे नाव निश्चित झाले. संक्षेपाने त्यास आयजीई म्हणतात. हा प्रतिपिंडांचा, म्हणजे बाह्य पदार्थास ओळखून त्यास चिकटणाऱ्या प्रथिनांचा, एक वर्ग होय. आपल्या रक्तात जो प्रतिपिंडांचा मुख्य वर्ग आहे, त्यास आयजीजी म्हणतात. त्याच्या तुलनेत निरोगी माणसाच्या रक्तात आयजीईचे प्रमाण दहा हजारांत एक भागही नसते. इतकी अल्प वस्तू इतका मोठा उत्पात करते, ह्याचेच शास्त्रज्ञांस आश्चर्य वाटले.

तो उत्पात होतो कसा, हे आता पाहू. आपल्या त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत आणि आतड्यांत 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. प्रत्येक मास्ट पेशी म्हणजे हिस्टामीन आदी तीव्र द्रव्यांनी ठासून भरलेली एक लहानशी वखारच होय. आयजीईचे कण ह्या पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तेथे आठवडेच्या आठवडे पहारा करीत राहतात. ज्या प्रथिनासाठी ते घडविलेले असतात ते प्रथिन श्वासावाटे येऊन लगतच्या दोन कणांस एकदम चिकटले, की मास्ट पेशीचे दार उघडते आणि आतला माल काही मिनिटांत बाहेर पडतो. शिंका, पाणी, खाज, सूज आणि छातीची घरघर हे सर्व त्याचेच परिणाम. ही व्यवस्था निसर्गाने माणसास छळण्यासाठी निर्माण केलेली नाही. पोटातील जंतांसारख्या, गिळून न टाकता येणाऱ्या शत्रूस हुसकावून लावण्याचे ते साधन आहे, असे मानले जाते. जंतांसाठी ठेवलेले हत्यार तुरीच्या कोंड्यावर चालविले जाणे, ह्यालाच ॲलर्जी म्हणावयाचे.

आता मुख्य प्रश्न असा की, हे हत्यार घडविण्याचा हुकूम कोण देतो आणि तो आवरतो कोण? आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे.

प्रतिपिंड तयार करण्याचे काम 'बी' नावाच्या पेशी करतात. परंतु आयजीई तयार करण्याचा निर्णय त्या आपल्या जबाबदारीवर घेत नाहीत. बाहेरून आलेले प्रथिन प्रथम पहारेकरी पेशी उचलतात आणि त्याचा नमुना 'टी' पेशींपुढे मांडतात. माल पाहून दर ठरविणाऱ्या जाणत्याप्रमाणे टी-पेशी त्या नमुन्याची पारख करतात. त्यांतील काही पेशी एका विशिष्ट वळणाच्या असतात. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन ह्या शास्त्रज्ञांनी साहाय्यक टी-पेशींत असे दोन भिन्न वर्ग असल्याचे दाखवून दिले. त्यांपैकी दुसऱ्या वर्गाच्या पेशी 'इंटरल्यूकिन-४' नावाचे द्रव्य सोडतात, आणि हे द्रव्य म्हणजे आयजीई बनविण्याचा निरोप. मात्र एवढ्यावर बी-पेशी काम सुरू करीत नाही. टी-पेशीने प्रत्यक्ष तिच्या अंगास भिडून दुसरी खूणही द्यावी लागते. हुंडीवर जशी सही हवी आणि तिला ओळखही पटावी लागते, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही खुणा पटल्या म्हणजे बी-पेशी आपल्या जनुकांची मांडणी बदलते आणि नेहमीच्या प्रतिपिंडाऐवजी आयजीई घडवू लागते. पहिल्या वर्गाच्या पेशी जे द्रव्य सोडतात, ते ह्याच हुकमाच्या आड येते.

आयजीई प्रत्यक्ष तयार करणाऱ्या पेशी बहुधा अल्पायुषी असतात. मग एखाद्याची बाधा वर्षानुवर्षे का टिकते? ह्याविषयी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, जुनी आठवण आयजीईच्या पेशी ठेवीत नाहीत. आयजीजी वर्गाच्याच काही विशिष्ट स्मरणपेशी ती जपून ठेवतात आणि प्रथिनाची पुन्हा गाठ पडली की त्यांतून आयजीईच्या नव्या पेशी निपजतात. रोजची वही फाडून टाकली तरी खतावणीत खाते शिल्लक राहावे, तसे हे आहे. वखारीतून दोन महिने दूर राहिलेला माणूस परत येताच दुसऱ्या दिवशी पुन्हा शिंकू लागतो, ह्याचे कारण हेच असावे.

हुकूम देणाऱ्या पेशी आहेत, तशा आवर घालणाऱ्याही पेशी आहेत. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ साली अशा टी-पेशींचा एक वर्ग दाखवून दिला की ज्यांचे काम लढणे नसून इतर पेशींस लढण्यापासून परावृत्त करणे हे आहे. त्यांस 'नियामक टी-पेशी' म्हणतात. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी 'फॉक्सपी-३' नावाचे जनुक शोधून काढले; ह्या नियामक पेशी त्याच जनुकाच्या आधाराने तयार होतात, हे पुढे स्पष्ट झाले. ह्या कार्याबद्दल तिघांस २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक जन्मतः सदोष असलेली काही मुलगे क्वचित जन्मास येतात. त्यांचा देह स्वतःच्याच आतड्यांवर व ग्रंथींवर तुटून पडतो. त्यांना तीव्र इसब होतो, अन्न सोसत नाही, आणि त्यांच्या रक्तातील आयजीई भलतेच वाढलेले आढळते. नियामक पेशी नसल्या म्हणजे आयजीईस धरबंध राहत नाही, ह्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निरोगी माणसाच्या नाकातही तीच धूळ जाते. त्याच्या देहास ती कळत नाही असे नव्हे. कळते, परंतु नियामक पेशी तेथे संयम राखतात. ॲलर्जी झालेल्याच्या देहात शक्ती कमी पडत नाही, आवर कमी पडतो. तेव्हा अशा माणसास "कच्चा" म्हणणे म्हणजे ज्या पेढीचा गुमास्ता अति उतावळा आहे, तिला भांडवल नाही असे म्हणण्यासारखे आहे.

हा आवर शिकविता येतो काय? काही अंशी येतो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून ह्यांनी १९११ साली गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प प्रमाणात टोचून, ते प्रमाण क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याचा उपचार प्रसिद्ध केला. तो का लागू पडतो हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. आज असे दिसते की, अशा उपचाराने नियामक पेशी वाढतात, त्या 'इंटरल्यूकिन-१०' नावाचे शामक द्रव्य सोडतात, आणि बी-पेशी त्याच प्रथिनाविरुद्ध आयजीजी-४ ह्या सौम्य जातीचे प्रतिपिंड करू लागतात. हे प्रतिपिंड बाहेरून आलेल्या मालाची वाटेतच अडवणूक करतात. मास्ट पेशीपर्यंत तो पोहोचू देत नाहीत. मधमाशा पाळणाऱ्या लोकांस वारंवार डंख होत असूनही त्यांतील पुष्कळांस त्याचे काही वाटत नाही. त्यांच्या रक्तातही हीच स्थिती आढळते.

आपल्याच धंद्यातील जिन्नसाचे एक उदाहरण येथे देतो. भुईमुगाची बाधा पाश्चात्त्य देशांत मुलांच्या जिवावर बेतते. म्हणून तान्ह्या मुलांस शेंगदाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, असा तेथे बराच काळ सल्ला दिला जात असे. लंडनच्या गिडिअन लॅक ह्यांनी सहकाऱ्यांसह ज्यांना धोका अधिक अशी, चार ते अकरा महिन्यांची ६४० बालके निवडून निम्म्यांस शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले व निम्म्यांस मुळीच दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभीच्या त्वचा-चाचणीत निर्दोष ठरलेल्या ५३० बालकांपैकी, दाणे टाळणाऱ्यांत पाच वर्षांच्या वयास शेकडा १३.७ मुलांस बाधा झाली. खाणाऱ्यांत केवळ शेकडा १.९ मुलांस. खाणाऱ्या मुलांच्या रक्तात आयजीजी-४ वाढलेले होते. बालपणी तोंडावाटे झालेली ओळख देहास संयम शिकविते, असा ह्याचा अर्थ. मात्र ज्यास बाधा जडलेली आहे त्याने हा प्रयोग घरी करू नये. त्यात प्राण जाण्याचा धोका आहे.

वखारीतील प्रौढ माणसास मात्र हा न्याय लावता येत नाही. "धूळ खाऊन खाऊन सवय होईल," असे आपण म्हणतो. उपचाराची मात्रा मोजलेली असते व ती डॉक्टरांच्या नजरेखाली दिली जाते. वखारीतील धुळीस मोजमाप नाही. बार्सिलोना ह्या स्पेनमधील बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ ह्या काळात अधूनमधून एकाच दिवशी दम्याच्या रोग्यांची रुग्णालयांत एकाएकी गर्दी होई. असे सव्वीस दिवस नोंदले गेले. शोधाअंती असे आढळले की, बंदरात सोयाबीन उतरविले जाई त्याच दिवशी हे घडत असे. धान्य साठविण्याच्या एका उंच कोठारावर धूळ अडविणारी गाळणी नव्हती, आणि वाऱ्याबरोबर सोयाबीनच्या टरफलांची धूळ गावभर पसरे. रोग्यांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धचे आयजीई सापडले. गाळणी बसविल्यावर ह्या साथी थांबल्या. औषधांनी जे साधले नव्हते ते धान्याच्या कोठारावरील एका गाळणीने साधले, हे प्रत्येक धान्य व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सर्वच त्रासांचे खापर आयजीईवर फोडणे मात्र बरोबर होणार नाही. धुळीत जिवाणूंचे विषारी अंशही असतात, आणि त्यांनी कोणाचाही घसा व छाती खवळू शकते. तसेच गाजर गवताचे. हे गवत १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले; ते अमेरिकन गव्हाबरोबर आले असे लोक आजही म्हणतात. त्याने त्वचेवर जो दाह होतो, तो प्रतिपिंडांवाचून, टी-पेशींनी सरळ हल्ला केल्यामुळे होतो. म्हणून स्वतःच निदान करू नये. त्वचेवर अर्काचे थेंब टोचून करावयाची चाचणी, आयजीईची रक्त-चाचणी आणि श्वासाची फुंकर मोजण्याची चाचणी, ह्या तीन गोष्टींनी डॉक्टरांस पुष्कळ उलगडा होतो. उपचारही आता सुधारले आहेत. श्वासावाटे घ्यावयाची औषधे नियमित घेतल्यास बहुतेकांचा दमा ताब्यात राहतो. अति तीव्र रोगासाठी, आयजीईस रक्तातच पकडून ठेवणारे औषध २००३ साली अमेरिकेत मान्य झाले. ते महाग आहे, परंतु आहे. "दम्याच्या पुड्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे ते न सांगणाऱ्या औषधांपासून मात्र दूर राहावे.

आता आपल्या कर्तव्याविषयी थोडे लिहून हा लेख पुरा करितो. आपल्या वखारीतील हमाल रोजावर किंवा पोत्यावर पैसे घेतो. छाती भरली म्हणून तो दोन दिवस बसला, तर त्या दोन दिवसांची चूल थंड राहते. म्हणून तो दुखणे लपवितो, आणि लपविलेले दुखणे वाढते. अनेक वर्षे दुर्लक्षिलेल्या दम्याने श्वासनलिका कायमच्या आखडू शकतात. मग धूळ सोडूनही उपयोग होत नाही. वेळीच ओळखले तर त्याचा हा सर्व त्रास वाचतो.

ह्यासाठी फार खर्च लागत नाही. धान्याचा ओलावा शेकडा बारा-तेराच्या पलीकडे जाऊ देऊ नये. त्याने कीड कमी होते, तसेच माइटही कमी होतात, आणि मालही टिकतो. पोती भिंतीस न टेकविता फळ्यांवर रचावीत. कोरडा झाडू मारण्याऐवजी धूळ ओढून घेणारे यंत्र वापरावे. चाळणी वाऱ्याच्या दिशेने, दाराजवळ ठेवावी व शक्य तेथे धूळ बाहेर खेचणारा पंखा बसवावा. पोते उंचावरून फेकू नये. फडक्याने तोंड बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी योग्य जातीचा मुखपट्टा मालकाने स्वखर्चाने द्यावा. आणि ज्यास बाधा जडली आहे असे डॉक्टरांनी सांगितले, त्यास काढून न टाकता, त्याच मजुरीवर तोलाचे, नोंदीचे किंवा बारदान मोजण्याचे दाराबाहेरील काम द्यावे.

आमच्या पेडणे महालातील वखारींसाठी माझी एक सूचना आहे. आपल्या संघटनेने दरवर्षी पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि तो संपल्यावर, असे दोन वेळा, हमाल, मापाडी आणि दिवाणजी ह्या सर्वांच्या श्वासाची तपासणी करवून घ्यावी व तिचा खर्च संघटनेच्या निधीतून करावा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडले, म्हणजे कोणाची छाती पावसाळ्यात ढासळते ते वहीतील जमाखर्चाप्रमाणे स्पष्ट दिसेल. अशांस बांबोळी येथील गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पुढील तपासणीसाठी पाठविता येईल. व्यापारी बंधूंनी ह्या सूचनेचा येत्या सभेत विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.